तालुक्याच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंध शिकताना

गंगथडी

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातील एका लहान महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि राज्यशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. या वर्षी आम्हाला आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर आला आणि पहिल्यांदाच एखादा विषय परीक्षेपलीकडे जाऊन वाचावासा वाटला. अडचण अशी आहे की आमच्या विभागात एकच कायम प्राध्यापक आहेत. हा पेपर शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आठवड्यातून तीन दिवस येतात आणि उरलेले दिवस दुसऱ्या महाविद्यालयात शिकवतात. हजेरीपटावर बेचाळीस नावे असली तरी वर्गात आम्ही आठ-दहा जणच बसतो, कारण काही जण कांद्याच्या खळ्यावर कामाला जातात आणि काही जण नाशिकच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. ग्रंथालयात या विषयाची अकरा पुस्तके आहेत आणि त्यांतले सर्वांत नवे पुस्तक सोव्हिएत संघाच्या विघटनापाशी संपते.

धागा काढण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भारताच्या शेजारी राष्ट्रांशी असलेल्या संबंधांचे एखादे उदाहरण द्यायला सांगितले. मी कांद्याची निर्यातबंदी आणि बांगलादेश हे उदाहरण दिले. त्यावर ते हसले आणि म्हणाले की हा अर्थशास्त्राचा, फार तर कृषी खात्याचा विषय आहे, तू पंचशील किंवा सिमला करार सांगायला हवा होतास. तेव्हापासून मनात शंका आहे. हा विषय खरोखर दिल्ली-मुंबईच्या मुलांचाच आहे का? आमच्यासारख्या ठिकाणी तो शिकायचा असेल तर काय वाचावे, आणि पदवीनंतर पुढे कुठे जाता येते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना मास्तर

गंगथडी, परीक्षकांचे हसणे मनाला लावून घेऊ नका. मी बत्तीस वर्षे ग्रामीण महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवले आणि त्यांतली निदान पहिली दहा वर्षे मीही कदाचित तसाच हसलो असतो, हे आधीच कबूल करतो. तुमचे उदाहरण चुकलेले नव्हते. ते पुढे नेण्याची संधी तुम्हाला मिळाली नाही, इतकेच.

ते पुढे कसे नेता आले असते, ते पाहा. सप्टेंबर 2019 च्या अखेरीस भारताने कांद्याची निर्यात अचानक थांबवली आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्या चक्क हिंदीत म्हणाल्या की आता मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे सांगितले आहे, आणि पुढच्या वेळी आम्हाला थोडी आधी कल्पना द्या. सभा हसली, पण ती तक्रार एका सरकारप्रमुखाने दुसऱ्या देशाच्या राजधानीत जाहीरपणे केली होती. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी आली. 8 डिसेंबर 2023 रोजी आलेली बंदी तर 4 मे 2024 पर्यंत टिकली आणि उठली तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के निर्यातशुल्क लावूनच. मधल्या काळात इतर देशांच्या सरकारांनी विनंती केली तर केंद्राच्या परवानगीने कांदा जाऊ शकत होता. 1 मार्च 2024 च्या आदेशाने बांगलादेशला 50,000 टन आणि संयुक्त अरब अमिरातीला 14,400 टन कांदा पाठवण्याची मुभा मिळाली आणि हा व्यवहार एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत व्हायचा होता. म्हणजे लासलगावच्या बाजारात जो माल व्यापाऱ्याने विकायचा, तो त्या काही महिन्यांत दोन सरकारांनी आपसांत ठरवून द्यायची वस्तू झाला. हा जर आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय नसेल, तर मग कोणता आहे?

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी 1988 मध्ये द्विस्तरीय खेळाची कल्पना मांडली. देशाचा नेता एकाच वेळी दोन पटांवर खेळत असतो, एका पटावर समोर परदेशी सरकार असते आणि दुसऱ्यावर स्वतःचे मतदार. एका पटावरची चांगली चाल दुसऱ्यावर अंगाशी येऊ शकते. कांद्याच्या बाबतीत तर घरचा पटही दुभंगलेला आहे, कारण शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा हवा असतो आणि निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला भाव हवा असतो. तोंडी परीक्षेत हे एवढे बोलला असता, तर परीक्षकांना प्रश्न बदलावा लागला असता.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला स्वतःला फार उशिरा कळली. या विद्याशाखेचे जगातले पहिले अध्यासन, म्हणजे खास प्राध्यापकपद, लंडन-पॅरिसला निघाले नाही. ते 1919 मध्ये वेल्सच्या समुद्रकाठावरील ॲबरिस्टविथ नावाच्या चिमुकल्या गावातल्या महाविद्यालयात निघाले. महायुद्धात जी तरुण पिढी कापली गेली, तिच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस यांच्या कुटुंबाने त्यासाठी पैसा दिला होता. तेव्हा लहान महाविद्यालय आणि हा विषय यांचे जन्मापासूनचे नाते आहे. (आपल्याकडे असे देणगीदार कमानी आणि प्रवेशद्वारे बांधतात, हे दुःख वेगळे.)

न्हावाशेवा

मास्तरांचे लिहिणे वाचून छान वाटले, पण कोणीतरी कटू बोलायला हवे म्हणून लिहितो. मी स्वतः राज्यशास्त्राचा पदवीधर आहे, पुण्याच्या पेठांत पाच वर्षे स्पर्धा परीक्षांत घालवून आता न्हावा शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटकडे (आयात-निर्यातीच्या मालाची सीमाशुल्काची कामे करणाऱ्याकडे) काम करतो. आंतरराष्ट्रीय संबंध हा शब्द ऐकला की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर राजदूत येतो. परराष्ट्र सेवेत जाण्याचा मुख्य रस्ता केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा हाच आहे, तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि संपूर्ण देशातून वर्षाला काही डझन उमेदवारच त्या सेवेत जातात. तिथे अभियंते आणि डॉक्टरही निवडले जातात. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात हा विषय आहे आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा 500 गुणांचा वैकल्पिक विषयही आहे, त्यामुळे तुमचा अभ्यास वाया जाणार नाही. परंतु केवळ त्या परीक्षेसाठी हा विषय घेणार असाल तर घेऊ नका. ज्ञानेश्वर मुळे यांचे नाव लगेच कोणीतरी काढील, म्हणून मीच काढतो. ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे, 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत होते. त्यांचा अभिमान आहेच, पण एका उदाहरणावर हजारो मुलांनी आपली विशी खर्च करावी, हे मला पटत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले चालू होते आणि नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जात होते. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला, भाडे कितीतरी वाढले आणि माल पोचेपर्यंत टिकेल का याची सर्वांनाच धास्ती होती. आमच्या कार्यालयात हूती कोण, इराणचा त्यांच्याशी काय संबंध आणि हे किती दिवस चालेल, हे शेतकऱ्याला फोनवर समजावून सांगू शकणारा एकही माणूस नव्हता. मी थोडेफार सांगू शकलो, ते पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या जुन्या वह्यांच्या जोरावर. निर्यात कंपन्या, बंदरे, वृत्तपत्रे आणि भाषांतराची कामे या ठिकाणी असा माणूस लागतो. फक्त जाहिरातीत त्या पदाला आंतरराष्ट्रीय संबंध असे नाव नसते.

वर्धाकाठ

गंगथडी, मी तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अध्ययन प्रशालेत एम. ए. केले. ही प्रशाला मूळची 1955 सालची स्वतंत्र संस्था, सप्रू हाऊसमध्ये सुरू झालेली, आणि 1970 मध्ये ती विद्यापीठात विलीन झाली. तिथे पोचल्यावर पहिल्या महिन्यात माझे जे झाले, ते तुझे होऊ नये म्हणून लिहिते.

मला अलिप्ततावादाची सहा वैशिष्ट्ये पाठ होती आणि संयुक्त राष्ट्रांची अंगे क्रमाने सांगता येत होती. पहिल्याच चर्चासत्रात बाईंनी विचारले की भारताने अलिप्ततावाद का स्वीकारला, याची दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे दे आणि त्यांतले कोणते पटते ते पुराव्याने सांग. माझ्याकडे वैशिष्ट्ये होती, स्पष्टीकरण एकही नव्हते. लहान महाविद्यालयाची खरी उणीव ही आहे. पुस्तके कमी असतात हे खरे, पण त्याहून मोठी अडचण अशी की आपल्याला वर्णन करायला शिकवतात आणि कारणे शोधायला शिकवत नाहीत. वास्तववाद (सत्तेवर भर), उदारमतवाद (सहकार्य आणि संस्थांवर भर) आणि रचनावाद (कल्पना आणि ओळखीवर भर) हे तीन मथळे गाईडमध्ये टिपा लिहा या प्रश्नासाठी असतात, प्रत्यक्षात ती एकाच घटनेला विचारायच्या तीन निरनिराळ्या प्रश्नांची नावे आहेत.

म्हणून मास्तरांच्या कांद्याला माझी एक पुरवणी. रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1977 मध्ये परस्परावलंबनाचा विचार मांडताना संवेदनशीलता आणि भेद्यता यांत फरक केला. भारताने कांदा थांबवला की ढाक्यात भाव लगेच चढतात, ही संवेदनशीलता झाली. पण पर्याय शोधल्यानंतरही त्या देशाला किती किंमत मोजावी लागते, ती भेद्यता. प्रत्येक बंदीनंतर बांगलादेशने पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त, चीन अशा ठिकाणांहून माल मागवला आणि स्वतःचे उत्पादनही वाढवायला घेतले. म्हणजे भारताच्या हातातले हे साधन दरवेळी वापरल्यावर थोडे बोथट होत गेले आणि त्याची झळ दिल्लीपेक्षा निफाडला जास्त बसली. हे तू आकडे गोळा करून दाखवू शकलीस, तर तो पदवीच्या पातळीवरचा उत्तम शोधनिबंध होईल. केवळ आमच्या गावचा कांदा ढाक्याला जातो एवढे सांगून थांबलीस, तर परीक्षकांचे हसणे अगदीच अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही.

आता व्यवहाराचे. केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी परीक्षा आहे आणि या विषयाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, ही गोष्ट वेगळी. विद्यापीठाच्या प्रवेशाला तिचा उपयोग नाही. दिल्लीत सार्क देशांनी मिळून 2010 मध्ये सुरू केलेले दक्षिण आशियाई विद्यापीठ आहे, तिथे या विषयाचे एम. ए. आहे आणि वर्गात नेपाळ-बांगलादेशची मुले शेजारी बसतात, याचे मोल मोठे आहे. राज्यात राहायचे असेल तर मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राजकारण विभाग, आणि पुण्याला राज्यशास्त्राबरोबरच संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग पाहा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे चौथे वर्ष करणार असशील तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात, तरच संशोधनासह ऑनर्स मिळते. तुमच्या महाविद्यालयात ते चौथे वर्ष आहे का, हे आताच विचारून ठेव.

इंग्रजीबद्दल मी गोड बोलणार नाही. मला पहिले सत्र रडत काढावे लागले. रोज दोन पाने, पण मूळ लेखाची, शब्दकोश शेजारी ठेवून वाच. वृत्तवाहिन्यांवरच्या आरडाओरडीच्या चर्चा पूर्ण बंद कर. तुमच्या ग्रंथपालांना एन-लिस्टबद्दल विचार. इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेची ही योजना महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके उपलब्ध करून देते. अनेक महाविद्यालये तिची सभासद असतात आणि विद्यार्थ्यांना मात्र वापरनाव मिळालेले नसते, कारण कोणी मागत नाही.

गंगथडी

मास्तर, न्हावाशेवा दादा, वर्धाकाठ ताई, मनापासून आभार. ताई, भेद्यतेचा मुद्दा वाचून मी दोन दिवस गप्प होते, कारण माझ्याजवळ खरोखरच फक्त गावचा कांदा होता. एक शंका मात्र राहते. जे वाचायचे ते सगळे इंग्रजीत, सगळे तिकडचे. मग आमची भाषा या विषयात फक्त अडथळाच आहे का?

बखरवाचक

शेवटच्या प्रश्नासाठी मुद्दाम सभासद झालो. मी वकिली करतो आणि फावल्या वेळात मोडी वाचतो. आपली भाषा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात महत्त्वाची ठरलेला एक खटला सांगतो. आपल्या अभ्यासक्रमात तो सहसा एका ओळीत उरकतात.

दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगिजांचे प्रदेश चारी बाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले होते. 1954 च्या जुलैअखेर आणि ऑगस्टच्या आरंभी स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, हे मराठी माणसाला ठाऊक असते. भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि सैन्याला दमणहून तिकडे जाऊ दिले नाही. पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. पोर्तुगालला 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले, 19 तारखेला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याची घोषणा केली आणि 22 तारखेला भारताविरुद्ध दावा ठोकला. आठ दिवसांत तिन्ही गोष्टी झाल्या, यावरून तयारी किती होती ते कळते.

पोर्तुगालचे म्हणणे असे होते की हा प्रदेश आम्हाला मराठ्यांनी 1779 च्या पुण्याच्या तहाने सार्वभौम हक्काने दिला, म्हणून तिथे जाण्यायेण्याचा मार्गही आमचा हक्काचा आहे. तो काळ सवाई माधवरावांचा, कारभार नाना फडणविसांचा. तहात दमणच्या बाजूच्या गावांतून 12,000 रुपयांचा वसूल देण्याचे कलम आहे आणि 1783 व 1785 च्या सनदा त्याच अनुषंगाने आहेत. आता सगळा प्रश्न असा झाला की पेशव्यांनी दिले ते काय? राज्य दिले, की वसूल दिला? ज्याने मराठी दप्तर थोडेही चाळले आहे, त्याला सरंजाम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सरंजामदार वसूल खातो, त्यामुळे तो छत्रपती होत नाही. भारताने हेच मांडले आणि तहाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या पाठांमधील तफावत न्यायालयापुढे आली. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की त्या कलमाची भाषा सार्वभौमत्वाचे हस्तांतर झाले असे मानण्यास पुरेशी नाही. मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचा महसुली हक्क होता.

इथेच थांबलो तर ती अर्धवट अभिमानाची गोष्ट होईल. न्यायालय पुढे असेही म्हणाले की मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी त्या गावांवरील पोर्तुगीज सार्वभौमत्व व्यवहारात आणि गृहीत धरून मान्य केले आणि नंतर भारतानेही ते न बोलता मान्य केले होते. त्यामुळे खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालला मार्गाचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो हक्क नव्हता, हे ठरले आठ विरुद्ध सात अशा एका मताने. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. भारताच्या बाजूने तदर्थ (त्या खटल्यापुरते नेमलेले) न्यायाधीश म्हणून मुंबईचे एम. सी. छगला बसले होते.

गंगथडी, हा निकाल आणि वादाच्या कागदपत्रांचे खंड न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. सार्वभौमत्व, प्रथा, मान्यता, अधिकारक्षेत्र या चारही संकल्पना त्या एका प्रकरणात आहेत आणि त्यांतला कळीचा शब्द आपल्या दप्तरातला आहे. तहनामे वाचायचेच असतील तर वसईचा 31 डिसेंबर 1802 चा तहही वाचा; तैनाती फौजेच्या बदल्यात दुसऱ्या बाजीरावाने परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा अधिकार कसा सोडून दिला, ते त्यात कलमवार दिसते. त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात बजावले होते की टोपीकर (युरोपीय व्यापारी) हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागे त्यांचे राजे उभे आहेत. कंपनी आणि राज्यसंस्था यांच्या नात्यावर इतके नेमके बोलणारा मजकूर त्या काळात आपल्याकडे लिहिला जात होता, हे विसरू नये.

वर्धाकाठ

बखरवाचक, हे प्रकरण मला एम. ए. ला असताना कोणी असे सांगितले असते तर! पुण्याच्या तहाचा उल्लेख इंग्रजीत वाचून मी तो पेशवे-इंग्रजांचा 1817 चा पुण्याचा तह समजून बसले होते आणि टिपणात तसे लिहूनही दिले होते. एकच सावधगिरी सुचवते. जुन्या कागदांतून आधुनिक सिद्धान्त आयते काढण्याचा मोह आपल्याकडे फार आहे. अमात्यांना बहुराष्ट्रीय कंपन्यांचा सिद्धान्त ठाऊक होता, अशा थाटाची वाक्ये गंगथडीने निबंधात घालू नयेत.

बखरवाचक

मान्य. तशी वाक्ये मी न्यायालयातही घालत नाही, समोरचा वकील लगेच पकडतो.

दर्याकिनारा

उशिरा आलो, पण मास्तरांचा आणि ताईंचा वाद मला जवळचा वाटला. मी पालघर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात हाच पेपर शिकवतो. आमच्या वर्गात दरवर्षी निदान एक तरी विद्यार्थी असा असतो, ज्याचा काका किंवा भाऊ पाकिस्तानच्या तुरुंगात असतो किंवा नुकताच सुटून आलेला असतो. डहाणू-तलासरीकडची माणसे पावसाळा संपताना खलाशी म्हणून ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीचा भारत-पाकिस्तान वाद सुटलेला नाही, त्यामुळे तिथून समुद्रात जाणारी सीमारेषाही ठरलेली नाही, आणि पाण्यावर रेघ नसते. बोट पकडली जाते, तांडेलासह (बोटीच्या प्रमुखासह) सगळे कराचीला जातात आणि घरी निरोप येतो तो बोटमालकाकडून.

पहिल्या वर्षी मी यावर भावनेने बोललो आणि तास अक्षरशः रडारडीत संपला. दुसऱ्या वर्षापासून कागद वाचायला घेतले. भारत व पाकिस्तान यांच्यात 21 मे 2008 रोजी वाणिज्यदूतीय संपर्काबाबत (कैद्यांना आपल्या देशाच्या दूतावासातील अधिकाऱ्यांना भेटता येण्याबाबत) करार झाला आणि त्यानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या देतात. नागरी कैदी आणि मच्छीमार यांचे आकडे वेगवेगळे असतात. परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदन त्याच दिवशी संकेतस्थळावर येते. मुले या निवेदनांचा तक्ता करतात. दोन्ही देशांचे संबंध कितीही बिघडले तरी ही देवाणघेवाण चालू राहिली, हे त्यांना तक्त्यावरूनच दिसते, आणि मग ती विचारतात की जे सरकार क्रिकेट खेळत नाही ते यादी का देते? या प्रश्नावर पुढचे चार तास निघतात. 1 जानेवारीलाच अणुकेंद्रांच्या याद्याही दिल्या जातात, त्या 31 डिसेंबर 1988 च्या करारामुळे, हेही त्या ओघात येते.

त्यानंतर सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्रे करारातले 73 वे कलम वाचतो. दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (ज्या समुद्रपट्ट्यातल्या माशांवर त्या देशाचा हक्क असतो तिथे) मासेमारीचे नियम मोडले, तर दोन देशांत तसा करार नसताना कैदेची शिक्षा देता येत नाही आणि जामीन भरल्यावर बोट व खलाशी लवकर सोडले पाहिजेत, असे ते कलम म्हणते. भारताने हा करार 1995 मध्ये आणि पाकिस्तानने 1997 मध्ये अनुसमर्थित केला आहे. ताई म्हणतात तसे स्पष्टीकरण शोधायची वेळ इथे येते. कायदा आहे, दोघांना मान्य आहे, तरी माणसे आत का राहतात? वास्तववादी याचे एक उत्तर देईल, संस्थांचा अभ्यास करणारा दुसरे. एका मुलीने तिसरे दिले, आणि ते मला अजून पुस्तकात सापडलेले नाही. ती म्हणाली, सर, खलाशी मतदार आहे महाराष्ट्राचा, बोट आहे गुजरातची आणि खटला दिल्लीचा, म्हणून तो कोणाचाच नाही.

जुना मास्तर

या मुलीला माझा नमस्कार सांगा.

गंगथडी, परीक्षेच्या दृष्टीने एक क्षुल्लक पण उपयोगी गोष्ट. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत आधी अभ्यासक्रमातली संकल्पना नीट व्याख्या करून लिहा आणि मग आपले उदाहरण द्या. उलट क्रमाने लिहिले की घाईत तपासणारा माणूस उदाहरण पाहूनच विषयांतर असा शेरा मारतो. मी स्वतः ढिगाने उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून जाणतो.

न्हावाशेवा

आणि कांद्याचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर देशवार आणि वर्षवार मिळतात. शिपिंग बिल म्हणजे काय आणि त्यावर काय काय लिहिलेले असते, हे पाहायचे असेल तर नावे झाकून एक नमुना पाठवतो.

गंगथडी

सर्वांचे प्रतिसाद छापून वहीत चिकटवले आहेत. काल ग्रंथपाल मॅडमना एन-लिस्टबद्दल विचारले. महाविद्यालय सभासद आहेच. चार वर्षांत एकाही विद्यार्थ्याने वापरनाव मागितले नव्हते म्हणून ते कपाटातल्या फायलीत होते. संध्याकाळपर्यंत माझे खाते उघडले आणि त्या स्वतः माझ्या शेजारी बसून शोध कसा घ्यायचा ते पाहत होत्या. तासिका तत्त्वावरच्या सरांना धागा दाखवला, तेव्हा त्यांनी पुढच्या महिन्यातल्या चर्चासत्रासाठी मला कांद्याच्या भेद्यतेवर आणि माझ्या मैत्रिणीला दादरा-नगर हवेलीवर मांडणी करायला सांगितले आहे. न्हावाशेवा दादा, नमुना जरूर पाठवा.

बखरवाचक काका, निकाल उतरवून घेतला आहे आणि रोज दोन पाने चालू आहेत. भारताने पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व न बोलता मान्य केले, त्या ठिकाणी टॅसिटली रेकग्नाइज्ड असे शब्द येतात. शब्दकोशात टॅसिटला अव्यक्त, मूक, गर्भित असे तीन शब्द दिले आहेत. कोणता घ्यावा?

बखरवाचक

मूक मान्यता म्हणा. गर्भित म्हटले की ती कुठल्यातरी शब्दांत दडलेली आहे असा भास होतो आणि इथे तर शब्दच नव्हते, नुसती वागणूक होती. मैत्रिणीला सांगा, एका मताने गेलेल्या आठ विरुद्ध सातच्या भागातली भिन्न मतेही वाचायला विसरू नका.